प्रेम, सत्य आणि हक

माणसाने खरे बोलावे की प्रेमाने वागावे, असे कुणी विचारले तर आपण सारेच सांगू की दोन्ही करावे. उत्तर सोपे आहे आणि सोपे असल्यामुळेच फारसे उपयोगाचे नाही. अडचण येते ती दोन्ही एकाच वेळी जमत नाही अशा प्रसंगी. खरे बोलले तर नाते तुटते, जमातीत फूट पडते, वडीलधारी माणसे दुखावतात. गप्प राहिले तर ज्याच्यावर अन्याय झाला तो एकटा पडतो. अशा वेळी कुणी 'सत्य ते सत्यच' म्हणत पुढे जातो आणि मागे किती माणसे जखमी झाली ते वळूनही पाहत नाही. कुणी 'जाऊ द्या, आपलेच लोक आहेत' म्हणत सगळ्यावर पांघरूण घालतो. पहिला स्वतःला निर्भीड समजतो, दुसरा स्वतःला मायाळू समजतो. दोघेही रात्री शांत झोपतात. झोप उडते ती तिसऱ्याची, ज्याचे काहीतरी या दोघांच्या भांडणात हरवलेले असते.

हा प्रश्न सगळ्याच धर्मांना पडला आहे. ख्रिस्ती धर्मात तो अधिक तीव्र झाला, कारण त्या धर्माने ईश्वराची ओळखच प्रेम या शब्दाने करून दिली आणि त्याच वेळी सत्याची साक्ष देणे हे प्रत्येक अनुयायाचे कर्तव्य ठरवले. त्यामुळे चर्चच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासात या दोन शब्दांची ओढाताण सतत दिसते. आम्ही ती येथे तपासणार आहोत. दुसऱ्याच्या घरातले भांडण चव्हाट्यावर आणण्याचा आमचा हेतू नाही. शेजाऱ्याच्या घरातली भेग पाहून आपल्या भिंती तपासाव्यात, एवढाच हेतू आहे. शिवाय जे उदाहरण आम्ही घेणार आहोत ते आपल्याला वाटते तितके परके नाही. ते दक्षिण आफ्रिकेतले आहे, आणि त्या देशातल्या केपटाऊन शहरात कोकणातून गेलेली मुसलमान कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत.

आधी ख्रिस्ती शिकवण काय सांगते ते पाहू. संत पौल यांनी इफिस येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात सत्य प्रेमाने धरावे, प्रेमाने बोलावे, असा उपदेश आहे. मत्तयच्या इंजीलमध्ये, अठराव्या अध्यायात, त्याची पद्धतही सांगितली आहे. एखाद्या भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जावे आणि दोघांतच त्याला समजावावे. ऐकले नाही तर एक-दोन माणसे सोबत न्यावीत. तरीही ऐकले नाही तरच गोष्ट मंडळीपुढे न्यावी. आपल्याकडे नसीहतीचा जो आदब सांगितला जातो, त्याच्याशी हे किती जुळते! 'दीन म्हणजे खैरखाही, नसीहत' अशा आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे, आणि नसीहत चारचौघांत केली तर ती फजिती होते, हे आपली जुनी माणसेही सांगत आली आहेत.

पण त्याच बायबलमध्ये या पद्धतीला छेद देणारा एक प्रसंग आहे. अंताकिया शहरात यहुदी आणि बिगरयहुदी असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्ती एकत्र जेवत असत. पेत्र, म्हणजे हजरत ईसा (अ.) यांच्या शिष्यांतले अग्रणी, तेही त्या पंगतीत बसत. पुढे जेरुसलेमहून काही कर्मठ मंडळी आली. त्यांना काय वाटेल या भीतीने पेत्र हळूहळू त्या पंगतीतून उठले आणि वेगळे जेवू लागले. त्यांचे पाहून इतरही उठले. तेव्हा पौल यांनी पेत्रांना सगळ्यांच्या देखत सुनावले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल यांनी स्वतःच हे नमूद करून ठेवले आहे.

एकांतात का नाही सांगितले? आमच्या मते त्याचे कारण पंगतीत आहे. पेत्रांची चूक दोघांच्या खाजगी व्यवहारातली नव्हती. त्यांच्या उठण्याने जे लोक पंगतीत एकटे पडले, त्यांचा अपमान उघड्यावर झाला होता. ज्यांचा अपमान उघड्यावर झाला त्यांची भरपाई बंद खोलीत कशी होणार? पौल एकांतात बोलले असते तर पेत्रांची इज्जत राहिली असती, पण त्याची किंमत त्या बिगरयहुदी गरिबांनी मोजली असती. येथे आपल्याला पहिला धागा सापडतो. सत्य हळू बोलावे की मोठ्याने, याचा निर्णय बोलणाऱ्याच्या स्वभावावरून किंवा चूक करणाऱ्याच्या मोठेपणावरून होत नाही. कुणाचे काय हिरावले गेले, त्यावरून तो होतो.

उर्दू शाळेत 'हक' हा शब्द शिकवताना आम्हाला त्याचे दोन अर्थ सांगावे लागतात. हक म्हणजे सत्य, आणि हक म्हणजे ज्याचे त्याला मिळायला हवे ते. मराठीने हा शब्द घेतला, त्याचा 'हक्क' केला, पण अर्थ मात्र दुसराच तेवढा ठेवला. मूळ शब्दात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. म्हणजे सत्य हे नुसते बरोबर विधान राहत नाही. ते कुणाचे तरी देणे असते. हा शब्द मनात ठेवून आपण आता दक्षिण आफ्रिकेकडे वळू.

केप प्रांतात डच वसाहतवाल्यांबरोबर त्यांचे चर्च आले. त्याला डच रिफॉर्म्ड चर्च म्हणतात. या चर्चमध्ये गोरे होते, तसेच गुलामांचे वंशज आणि मूळचे खोई लोकही ख्रिस्ती होऊन आले होते. प्रभुभोजनाचा विधी, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा संस्कार, सगळ्यांनी एकत्र घ्यायचा की वेगवेगळा, असा प्रश्न उभा राहिला. 1829 मध्ये केपच्या सिनडने, म्हणजे धर्मसभेने, स्वच्छ निर्णय दिला की रंगाचा भेद न करता सर्वांनी एकत्र घ्यायचा. पण गोऱ्यांची कुरकुर थांबली नाही. 1857 मध्ये सिनड पुन्हा बसली. तिने एक विलक्षण ठराव केला. एकत्र उपासना हेच शास्त्राला धरून आहे आणि इष्ट आहे, हे तिने मान्य केले. पण काही लोकांच्या दुबळेपणामुळे जेथे अडचण येते, तेथे वेगळी उपासना चालू द्यावी, असेही म्हटले.

हा ठराव पुन्हा पुन्हा वाचण्यासारखा आहे. त्यात सत्य नाकारलेले नाही. ते कबूल करून बाजूला ठेवले आहे, आणि बाजूला ठेवण्यासाठी प्रेमाचे कारण दिले आहे. दुबळ्या भावाला सांभाळून घ्या, त्याला ठेच लागू देऊ नका, हा बायबलमधलाच उपदेश. पण येथे दुबळा कोण ठरला? ज्याच्याकडे जमीन होती, बंदूक होती, सिनडमध्ये मत होते, तो! आणि त्याच्या दुबळेपणाची काळजी घ्यायची म्हणून पंगतीतून उठवले कुणाला? ज्याच्याकडे यातले काहीच नव्हते त्याला. जबरदस्ताच्या नाजूक मनाला जपण्यासाठी कमजोराचा हक खर्च झाला आणि त्याला नाव मिळाले करुणेचे.

तात्पुरती म्हणून दिलेली सवलत पुढे व्यवस्था बनली. 1881 मध्ये रंगीत लोकांसाठी वेगळे मिशन चर्च स्थापन झाले. काळ्या आफ्रिकनांची चर्च वेगळी झाली, भारतीयांची वेगळी. 1948 मध्ये वर्णभेदाचे, म्हणजे अपार्थाइडचे, धोरण घेऊन नॅशनल पार्टी निवडून आली, तेव्हा पंतप्रधान झालेले डी. एफ. मलान हे पूर्वी याच चर्चचे धर्मोपदेशक होते. चर्चमध्ये जे आधीच झाले होते तेच आता कायद्याने मोहल्ल्यांत, शाळांत आणि दवाखान्यांत झाले. केपटाऊनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स ही मिश्र वस्ती 1966 मध्ये गोऱ्यांसाठी राखीव म्हणून जाहीर झाली आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे साठ हजार माणसांना तेथून हलवले गेले. त्यांत मुसलमानांची मोठी संख्या होती. म्हणजे एका सिनडने 'काहींच्या दुबळेपणा'साठी उघडलेल्या दरवाजातून बाहेर पडलेले वादळ शंभर वर्षांनी आपल्या लोकांच्या घरांपर्यंत पोहोचले.

या चर्चमध्ये खरे बोलणारे कुणी नव्हतेच असे नाही. बायर्स नॉडे यांचे नाव यासंदर्भात घ्यावे लागते. त्यांचे वडील अफ्रिकानेर ब्रूडरबाँड या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेच्या संस्थापकांपैकी होते. नॉडे स्वतःही तिचे सदस्य होते आणि डच रिफॉर्म्ड चर्चमध्ये मोठ्या पदावर होते. मार्च 1960 मध्ये शार्पव्हिल येथे पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला आणि 69 माणसे मारली गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये जोहान्सबर्गच्या कॉट्स्लो येथे वेगवेगळ्या चर्चची परिषद भरली. तिथल्या ठरावांत वर्णाच्या आधारे कुणालाही कुठल्याही चर्चमध्ये उपासनेपासून रोखता येणार नाही, असे म्हटले होते. डच रिफॉर्म्ड चर्चच्या प्रतिनिधींनी आधी पाठिंबा दिला. पंतप्रधान फरवूर्ट संतापले. पुढे त्या चर्चच्या सिनडनी आपल्याच प्रतिनिधींचे म्हणणे झिडकारले. बहुतेकांनी माघार घेतली. नॉडे यांनी घेतली नाही.

1963 मध्ये त्यांनी ख्रिश्चन इन्स्टिट्यूट काढली आणि त्यासाठी आपले व्यासपीठ, म्हणजे उपदेशकाचे पद, सोडले. आपल्या समाजात ते गद्दार ठरले. 1977 मध्ये सरकारने त्या संस्थेवर बंदी घातली आणि नॉडे यांच्यावर सात वर्षे निर्बंध लादले. एका वेळी एकापेक्षा जास्त माणसांना भेटायलाही त्यांना मनाई होती. गोऱ्यांचे चर्च सोडून ते काळ्यांच्या चर्चचे सभासद झाले. आम्हाला त्यांच्याविषयी विशेष वाटते ते या गोष्टीचे, की त्यांनी सांगितलेल्या सत्याची किंमत पहिल्यांदा त्यांनीच मोजली. सत्य आणि प्रेम यांची गाठ कुठे पडते, याचा एक साधा निकष येथे मिळतो. खरे बोलल्यावर कुणाचे नुकसान होते ते पाहावे. नुसते ऐकणाऱ्याचे होत असेल तर आपल्या बोलण्यात प्रेम किती आणि मजा किती, हे तपासावे. बोलणाराही त्या आगीत उभा असेल, तर त्याचे कठोर शब्दही प्रेमाचेच असतात.

आता एक गोष्ट आपल्या घरातली. इमाम अब्दुल्ला हारून केपटाऊनच्या क्लेअरमाँट भागातल्या मशिदीचे इमाम होते. पोटापाण्यासाठी ते एका कंपनीची मिठाई विकण्याचे काम करीत. त्या निमित्ताने काळ्यांच्या वस्त्यांत जात, आणि तुरुंगात असलेल्या राजकीय कैद्यांच्या घरी गुपचूप मदत पोहोचवीत. 28 मे 1969 रोजी त्यांना अटक झाली. चार महिने खटल्याविना कोठडीत ठेवल्यानंतर 27 सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला. जिन्यावरून पडले, असे पोलिसांनी सांगितले. त्यांच्या अंगावर जखमा होत्या. त्यांच्या जनाज्याला हजारो लोक लोटले. पण ते कोठडीत असताना मुस्लिम उलेमांच्या संघटनेने त्यांच्यासाठी पुरेसा आवाज उठवला नाही, ही टीका पुढे मुस्लिम समाजातूनच झाली. उगाच सरकारचा रोष नको, मशिदी-मदरसे सुरळीत चालू द्यावेत, हा विचार त्या मौनामागे असणे शक्य आहे. तोही एक प्रकारचा समाजावरचा जीवच असतो. पण 1857 च्या सिनडलाही आपल्या समाजावर जीव होताच की!

यानंतर जे घडले ते फार कमी लोकांना माहीत आहे. 1971 मध्ये बर्नार्ड रँकमोर नावाच्या अँग्लिकन पाद्रीने इमाम हारून यांच्या मृत्यूची न्यायालयीन चौकशी व्हावी म्हणून उपोषण केले. त्यांनी त्यासाठी जागा निवडली ती केपटाऊनच्या सिग्नल हिलवरची एक मजार. तेथील मुसलमान अशा बुजुर्गांच्या मजारींना 'करामत' म्हणतात. एक ख्रिस्ती पाद्री एका मुस्लिम इमामासाठी एका वलीच्या मजारीशेजारी 67 दिवस उपाशी राहिला. पंतप्रधान फोर्स्टर यांनी चौकशी दिली नाही. व्यवहाराच्या हिशेबाने उपोषण फसले. पण चर्चने प्रेम आणि सत्य यांच्याविषयी जेवढी व्याख्याने दिली असतील, त्या सगळ्यांपेक्षा हे मौन आम्हाला मोठे वाटते. त्या पाद्रीने कुणाला काफर म्हटले नाही, कुणाचा धर्म बदलला नाही. ज्याचा हक मारला गेला त्याच्या शेजारी जाऊन तो बसला, एवढेच.

हळूहळू चर्चच्या आतूनच आवाज वाढत गेला. 1982 मध्ये कॅनडातील ऑटावा येथे जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चच्या महासंघाची बैठक झाली. तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या काही प्रतिनिधींनी गोऱ्यांच्या चर्चबरोबर प्रभुभोजन घ्यायला नकार दिला. मायदेशी आम्हाला तुमच्या पंगतीत जागा नाही, मग येथे परदेशात एकत्र बसण्याचे नाटक कशाला, असा त्यांचा सवाल होता. अंताकियाची पंगत येथे उलटी झाली. तेथे ताकदवान उठून गेला होता, येथे कमजोर उठला. पहिल्या उठण्याने सत्य लपले, दुसऱ्याने ते उघडे पडले. महासंघाने वर्णभेद हे पाप आणि त्याचे धार्मिक समर्थन हे पाखंड असल्याचे जाहीर केले आणि गोऱ्यांच्या दोन चर्चचे सभासदत्व स्थगित केले.

त्याच वर्षी 1881 मध्ये स्थापन झालेल्या त्या मिशन चर्चची सिनड केपटाऊनजवळ बेलहार येथे भरली. तिने एक श्रद्धापत्र तयार केले आणि 1986 मध्ये ते अधिकृतपणे स्वीकारले. देव निराधारांच्या, गरिबांच्या आणि अन्याय सोसणाऱ्यांच्या बाजूने उभा असतो, आणि चर्चनेही तेथेच उभे राहावे, हा त्याचा गाभा. पण त्याच्यासोबत एक पत्रही जोडले होते. आपण हे कुठल्या भावनेने लिहीत आहोत हे त्यात सांगितले होते. विशिष्ट माणसांविरुद्ध आमचा रोख नाही, खोट्या शिकवणीविरुद्ध आहे. आमच्यातही उणिवा आहेत. आणि आम्हाला समेट हवा आहे. शंभर वर्षे ज्यांना पंगतीबाहेर बसवले त्यांनी हे लिहिले. सत्यात तसूभर पाणी घातले नाही आणि दरवाजाही बंद केला नाही. प्रेम आणि सत्य यांचा समतोल म्हणजे अर्धे हे आणि अर्धे ते, असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण पाहावे. येथे दोन्ही पुरेपूर आहेत.

नोव्हेंबर 1990 मध्ये रुस्टेनबर्ग येथे दक्षिण आफ्रिकेतल्या चर्चची मोठी परिषद झाली. स्टेलेनबॉश विद्यापीठातले धर्मशास्त्राचे प्राध्यापक विली योन्कर उभे राहिले आणि त्यांनी वर्णभेदाच्या पापाची कबुली दिली, स्वतःच्या वतीने आणि आपल्या चर्चच्या वतीनेही. आर्चबिशप डेझमंड टुटू यांनी तेथल्या तेथे माफी दिली. सभागृह गहिवरले असणार. पण काही काळ्या प्रतिनिधींना ते पटले नाही. सगळ्यांच्या वतीने माफ करण्याचा अधिकार टुटूंना कुणी दिला, अजून कायदे तसेच आहेत, जमिनी परत मिळाल्या नाहीत, मग इतक्या लवकर माफी कशी, असे त्यांचे म्हणणे होते.

टुटूंच्या मनाच्या मोठेपणाविषयी आम्हाला आदर आहे. तरीही हा आक्षेप आम्हाला, मुसलमान म्हणून, लगेच समजतो. आपल्याकडे हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद असा भेद केला आहे. अल्लाहचे हक अल्लाह माफ करू शकतो. माणसांचे हक मात्र ज्याचे त्यानेच माफ करायचे असतात. एखाद्याचा पैसा बुडवून आपण तहज्जुदमध्ये कितीही रडलो, तरी त्याचा पैसा देणे आपल्यावर राहतेच. म्हणून टुटूंची माफी त्यांच्या स्वतःपुरती पूर्ण होती. ज्या आईचा मुलगा गेला तिच्यापुरती ती फक्त एक विनंती होती.

पुढे 1995 मध्ये सत्य आणि समेट आयोगाचा कायदा झाला. तो मांडणारे न्यायमंत्री दुल्लाह उमर हे केपटाऊनचे मुसलमान होते, आणि आयोगाचे अध्यक्ष झाले टुटू. एप्रिल 1996 पासून सुनावण्या सुरू झाल्या. एकवीस हजारांवर लोकांनी निवेदने दिली. बायकांनी आपल्या बेपत्ता नवऱ्यांची नावे प्रथमच मोठ्याने उच्चारली. ज्यांनी छळ केला त्यांना अट एवढीच होती, की राजकीय हेतूने केलेल्या कृत्याची पूर्ण हकीकत सांगायची. मग शिक्षा माफ. पश्चात्ताप दाखवायची सक्ती नव्हती. सात हजारांवर अर्ज आले आणि 849 जणांना माफी मिळाली. स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबासह काही कुटुंबांनी या तरतुदीला घटनापीठापुढे आव्हान दिले, पण 1996 मध्ये ते फेटाळले गेले. छळ सोसलेल्यांना सरकारने 2003 मध्ये प्रत्येकी तीस हजार रँड एकदाच दिले. सत्य बाहेर आले हे खरे. पण त्याची किंमत पुन्हा बऱ्याच अंशी त्याच कुटुंबांनी मोजली, हेही खरे. नोव्हेंबर 1997 मध्ये धर्मसमुदायांसाठी वेगळी सुनावणी झाली. तेथे चर्चबरोबर मुस्लिम संघटनाही हजर होत्या, आणि त्या काळात तुम्ही काय केले, हा प्रश्न सगळ्यांपुढेच होता.

इमाम हारून यांच्या मृत्यूची चौकशी अखेर पुन्हा उघडली गेली. ऑक्टोबर 2023 मध्ये तेथील उच्च न्यायालयाने निकाल दिला की ते जिन्यावरून पडून गेले नाहीत, पोलिसांनी केलेल्या छळामुळे गेले. चोपन्न वर्षे लागली. त्यांच्या पत्नी गलीमा 2019 मध्येच अल्लाहला प्याऱ्या झाल्या होत्या. निकाल ऐकायला त्या नव्हत्या. जे सत्य त्यांचे देणे होते ते त्यांच्या हयातीत कुणी फेडले नाही.

आता आपल्या भिंतींकडे वळू. नमाजच्या सफेत आपण खांद्याला खांदा लावून उभे राहतो याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. पण सफ मोडून बाहेर आल्यावर काय होते? महाराष्ट्रातल्या मुस्लिम ओबीसी चळवळीने जेव्हा सांगितले की आपल्यातही बिरादऱ्यांची उतरंड आहे, पिंजारी, छप्परबंद, मदारी यांच्या वाट्याला वेगळी वागणूक येते, सोयरिकीच्या वेळी जात पाहिली जाते, तेव्हा अनेकांचे उत्तर काय होते? इस्लाममध्ये जात नाही. हे बोलून इत्तेहाद मोडू नका. पहिले वाक्य शिकवण म्हणून बरोबर आहे. 1857 च्या सिनडनेही शिकवण बरोबरच सांगितली होती. हमीद दलवाई 1966 मध्ये सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईच्या विधानभवनावर गेले. त्यांच्या सगळ्या मतांशी सहमत होण्याची गरज नाही. अनेकांना त्यांची भाषा बोचली, त्यात प्रेम कमी वाटले. ते म्हणणे आपण मांडू शकतो. पण तोंडी तलाकने घराबाहेर पडलेल्या त्या बायकांच्या हकाचा प्रश्न भाषेच्या तक्रारीने सुटला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला, तो बायकांनीच कोर्टात धाव घेतल्यावर. मोहल्ल्यात कुणी वेळेवर ऐकले असते तर त्यांना तेथवर जावे लागले नसते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या समाजातल्या उणिवा आज पुष्कळ लोक मोठ्या आवाजात सांगतात. त्यांतल्या काही गोष्टी खऱ्याही असतात. पण सांगणाऱ्याला त्या बाईशी देणेघेणे नसते. तिच्या मुलाला भाड्याने घर मिळत नाही तेव्हा तो कुठेच नसतो. त्या सत्याची किंमत तो दमडीची मोजत नाही, ती सगळी आपणच मोजतो. अशा सत्याला आपण प्रेमाचे सत्य म्हणणार नाही. मात्र त्याच्या भीतीने आपले सत्य आपणच दाबून ठेवायचे, हाही मार्ग नाही. शत्रू ऐकेल म्हणून घरातल्या जखमीला कण्हू द्यायचे नाही, यात जखमीचा काय फायदा?

सूरह निसाच्या 135 व्या आयतीत, न्यायावर ठाम राहा, मग साक्ष स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध किंवा नातलगांविरुद्ध का असेना, अशी आज्ञा आहे. आईबापांवर माया करा म्हणून सांगणाऱ्या त्याच ग्रंथात ही आज्ञा आहे. बुखारी शरीफमध्ये एक हदीस येते. प्रेषित मुहंमद (स.) म्हणाले की आपल्या भावाला मदत करा, तो जालीम असो वा मजलूम. सहाबांनी विचारले की मजलूमला मदत समजली, जालीमला कशी करायची? उत्तर मिळाले की त्याचा जुलमाचा हात धरून. प्रेम आणि सत्य यांत निवड करावी लागते, असे मानणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. जालीमचा हात धरणे हे त्याच्यावरचे प्रेम आणि मजलूमचा हक, दोन्ही एकाच कृतीत आहे. बायर्स नॉडे यांनी आपल्या लोकांचा हातच धरला होता. त्यांनी तो झटकला, तरी नॉडे त्यांचे भाऊच राहिले.

म्हणून हे बोलू की नको असा प्रसंग आला, की आम्हाला वाटते, दोन प्रश्न विचारावेत. मी गप्प राहिलो तर कुणाचा हक बुडतो? आणि मी बोललो तर किंमत कोण मोजतो, मी की फक्त समोरचा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'कुणाचाच नाही' असे असेल तर खुशाल पांघरूण घालावे. भावाचे ऐब झाकणे हे सवाबाचे काम आहे. पण त्या पांघरुणाखाली तिसरे कुणी गुदमरत असेल तर ते पांघरूण ओढायलाच हवे, आणि ओढणाऱ्याने थंडीत कुडकुडायची तयारी आधी ठेवायला हवी. 1994 मध्ये दक्षिण आफ्रिकेतले ते जुने मिशन चर्च आणि काळ्यांचे चर्च एक झाले. गोऱ्यांचे मूळ चर्च मात्र त्यांत अजून सामील झालेले नाही. 'काहींच्या दुबळेपणा'साठी एकदा वेगळी केलेली पंगत दीडशेहून अधिक वर्षांनीही पूर्ण जुळत नाही. आपल्या जमातीत, आपल्या शाळेत, आपल्या मशिदीच्या कमिटीत कुणाला थोडे बाजूला बसवण्याचा ठराव येईल, आणि त्याचे कारण फार गोड शब्दांत सांगितले जाईल, तेव्हा एवढे आठवले तरी पुरे.